तेलाच्या थेंबाभोवतीचं कडं

थेंब फिल्टर पेपरवर सोडल्यापासून बरोबर चार मिनिटांनी मी पट्टी लावली. मधला तांबूस डाग सव्वीस मिलिमीटर. त्यात काही वावगं नव्हतं. त्या इंजिनाच्या आधीच्या सगळ्या नमुन्यांचे डाग पंचवीस ते सत्तावीसच्या दरम्यान होते. पण या वेळी डागाच्या बाहेर आणखी एक कडं होतं. फिकट, जवळजवळ कागदाच्याच रंगाचं, साडेतीन मिलिमीटर रुंद. कागद सरळ धरला तर ते दिसत नव्हतं. खिडकीकडे तिरका धरला की दिसत होतं.

"काय म्हणतेय आमची उपासवाली?" तांडेलांनी बाकावरून विचारलं.

मी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"थांबा हो. अजून बाकी आहे."

मधुकर तांडेल विहंग चार्टर्स नावाच्या एका छोट्या विमान कंपनीत मेकॅनिक होते. कंपनीकडे आठ माणसांचं, दोन इंजिनांचं एकच जेट होतं आणि त्याची रोजची देखभाल तांडेलांकडे होती. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांतलं थोडं थोडं तेल बाटल्यांत काढून ते आमच्याकडे आणायचे. आमची प्रयोगशाळा म्हणजे सांताक्रूझला धावपट्टीच्या कुंपणालगत जे इंजिनदुरुस्तीचं केंद्र होतं, त्याच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथे लागले, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेलात लोखंडाचा अंश किती, चांदीचा किती, तेल पातळ झालंय का, हे मोजायचं आणि कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय विमान उडत नसे.

"उपासवाली का म्हणता तिला?" मी विचारलं. दाटपणा मोजायच्या नळीत तेल खाली उतरत होतं आणि माझ्या हातात स्टॉपवॉच होतं.

"मग काय! डावं इंजिन बघा, दर दुसऱ्या फेरीला पाव लिटर तेल मागतं. अगदी हक्कानं. आणि ही उजवी! एकोणीस फेऱ्या झाल्या मॅडम, थेंब मागितला नाही. कडक उपास. फराळसुद्धा नाही."

मी हसले. तेलाची रेघ खालच्या खुणेशी आली तसं मी घड्याळ थांबवलं. आकडेमोड करून उत्तर आलं चोवीस पूर्णांक दोन. खालची मर्यादा चोवीस होती.

"बाटली तुमचीच ना?" मी विचारलं.

"आमचीच. का?"

"सहज विचारलं."

सहज नव्हतं. बाटलीला रॉकेलचा वास येत होता. विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं रॉकेलच. इतर कंपन्यांचे लोक रिकाम्या बाटल्या त्याच इंधनात विसळून आणायचे. तसं करायची मनाई होती, पण इंधन हाताशी असायचं आणि साबण नसायचा. त्यामुळे रॉकेलचा वास हा आमच्याकडच्या बाटल्यांचा नेहमीचाच वास होता. मी तो मोजतच नसे. फक्त तांडेलांच्या बाटल्यांना तो कधी आलेला नव्हता.

"आमच्या बाटल्या घरी धुतात," तांडेल म्हणाले, मी विचारलं नसताना. "बायको धुते, गरम पाण्यात सोडा घालून. खिडकीत पालथ्या घालते. शेजारीण विचारते, काय हो, यांचं कसलं औषध चालू आहे? बायको सांगते, यांचं नाही, विमानाचं."

"तुम्हाला कसला वास येतोय का इथं?"

"मला?" त्यांनी नाक वर करून हवा ओढली. "वीस वर्षं टाकीत डोकं घालून काढली, मॅडम. आमच्या नाकाला आता रॉकेल म्हणजेच हवा."

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या उपकरणाकडे गेलं. त्याच्यावर मी पंचा घातला होता.

"हे का झोपलंय?"

"हीटर जळलाय. सोमवारी नवा येणार."

फोन वाजला. विहंगचे व्यवस्थापक पारसनीस बोलत होते. "गद्रे मॅडम, साडेतीनला पार्टी आहे, दिल्लीची. विमान तुमच्या कागदासाठी उभं आहे हो. आमचा तांडेल तिथं चहा पीत बसलाय का?"

"काम चाललंय," मी म्हटलं.

तक्ता पुरा भरला, सही केली, शिक्का मारला आणि कागद तांडेलांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. ते नेहमी पूर्ण वाचायचे, प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून. "पास," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी शर्टच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि खिशावर दोनदा थोपटलं.

ते गेल्यावर मी पालथा ठेवलेला फिल्टर पेपर उचलला. असे कागद संध्याकाळी टाकून द्यायचे असतात. मी तो माझ्या वहीत ठेवला. का ठेवला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

ही गोष्ट १९९३च्या एप्रिलमधली.

त्यानंतर अठराव्या दिवशी ते विमान मुंबईहून उडालं आणि वर चढत असताना उजव्या इंजिनातल्या तेलाचा दाब झपाट्यानं खाली आला. मिनिटभरात बेअरिंग जळलं. वैमानिकानं ते इंजिन बंद केलं, एका इंजिनावर विमान वळवलं आणि सुखरूप उतरवलं. आत पाच माणसं होती, कुणाला खरचटलंही नाही.

उघडलेलं इंजिन आमच्याच केंद्रात आणलं. बेअरिंगच्या गोळ्या निळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. तेल सगळं फाटलेल्या सीलमधून बाहेर गेलेलं. टाकीच्या तळाला डांबरासारखं काळं काहीतरी उरलं होतं, त्यातून काही समजण्यासारखं नव्हतं. फक्त टाकीच्या झाकणाखालून इंजिनाच्या आवरणावर तेलाचा एक लांब ओघळ गेला होता. त्याचे फोटो काढले गेले.

चौकशी मेच्या शेवटच्या गुरुवारी झाली. तीन जणांची समिती. अध्यक्ष देवस्थळी साहेब म्हणून होते, साठीच्या आसपासचे. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारे. मी प्रयोगशाळेतर्फे टेबलाच्या टोकाला बसले होते. तांडेल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. कामाच्या कपड्यांऐवजी दुसऱ्या कपड्यांत मी त्यांना प्रथमच पाहत होते.

"त्या सकाळी तुम्ही तेलाचं झाकण उघडलं होतं?" देवस्थळी साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"तेल भरायला?"

"नाही. तेल वरच्या खुणेच्याही वर दिसत होतं. म्हटलं, बघू तरी आत. बघितलं आणि झाकण लावलं."

"खुणेच्या वर? मग भरलं कुणी?"

"कुणीच नाही. सत्तावीस फेऱ्यांत कुणी भरलेलं नाही. वहीत आहे."

पारसनीस खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे साहेब, टाकीतलं तेल व्यालं असं म्हणायचं का?"

दोघं-तिघं हसले. तांडेलसुद्धा किंचित हसले, आपल्यालाच कुणी हसत असताना हसावं तसे.

देवस्थळी साहेब हसले नाहीत. "वाढू शकतं," ते म्हणाले. "कूलरमध्ये तेलाच्या नळ्यांभोवती इंधन फिरतं. तेल गार करायला. नळीला चीर गेली तर इंधन तेलात शिरतं. बाहेरून टाकी भरलेली दिसते, आतलं तेल पातळ होत जातं. मग बेअरिंग जळतं." ते माझ्याकडे वळले. "गद्रेबाई, त्याच्या आधीचा शेवटचा नमुना तुम्ही तपासलात. काय होता?"

"मर्यादेत होता," मी म्हटलं.

त्यांनी माझा कागद पुढे ओढला आणि चष्मा सारखा केला. "दाटपणा चोवीस पूर्णांक दोन. थोडा कमी, पण मर्यादेत. फ्लॅश पॉइंट दोनशे शेहेचाळीस." त्यांनी इतरांना समजावून सांगितलं, "तेल तापवत न्यायचं. त्याची वाफ ज्या तापमानाला पेट घेते तो हा आकडा. दोन टक्के इंधन मिसळलं असतं तरी हा धडाधड खाली आला असता. दोनशे शेहेचाळीस म्हणजे तेल शुद्ध. तेव्हा कूलरचा प्रश्न मिटला. तो तपासायची गरज नाही. आता राहिलं झाकण; ते नीट बसलं नसेल तर तेल तिथून बाहेर जातं, आणि फोटोतला ओघळ झाकणाखालूनच आहे."

दोनशे शेहेचाळीस हा आकडा मार्चमधल्या नमुन्याचा होता. फ्लॅश पॉइंट मोजायच्या उपकरणावर त्या दिवशी मी पंचा घातला होता. पारसनिसांचा फोन ठेवल्यावर मी मागचा कागद काढला, त्यातला आकडा पाहिला आणि शेवटच्या रकान्यात उतरवला. अकरा वर्षांत तेवढा एकच आकडा मी न मोजता लिहिला होता.

मला तेव्हा बोलता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. जूनमध्ये आमच्या प्रयोगशाळेच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. मी एक आकडा खोटा म्हटला असता तर बाकीचे सगळे आकडे खरे आहेत हे कुणी मानलं नसतं. मीही कदाचित मानलं नसतं.

"तांडेल," देवस्थळी साहेब म्हणाले, "झाकण लागलं हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"फिरवलं की टक असा आवाज येतो, साहेब. खाच बसते."

"त्या दिवशी आवाज आला?"

"आला."

"नीट आठवून सांगा. त्या दिवशी आलेला आठवतोय, की रोज येतो म्हणून आला असेल असं वाटतंय?"

त्यांनी हा प्रश्न अगदी सौम्यपणे विचारला होता. तांडेलांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, मनगट किंचित वळवलं, जणू हाताला विचारून पाहत होते. पुन्हा वळवलं.

"आला असेल," ते म्हणाले.

"असेल?"

"मी रोज लावतो, साहेब. रोज आवाज येतो. तो त्या दिवसाचा की आदल्या दिवसाचा…" त्यांनी हात टेबलाखाली घेतला. "आता सांगता येत नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जिन्यात भेटले. पारसनीस त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "लिहून देऊन टाक. झाकण कदाचित पूर्ण बसलं नसेल, एवढंच. सहा महिने लायसन जाईल, परत येईल. माणसं मेली असती तर गोष्ट वेगळी. ताणत बसलास तर कायमचं जाईल." पारसनीस खाली गेले. तांडेल माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, असं कधी झालंय का तुमचं? आपण एखादी गोष्ट केली की नाही, हेच कळत नाही?"

"होतं असं," मी म्हटलं.

"माझं कधी झालं नव्हतं," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी लिहून दिलं. अक्षर सुरेख होतं. देवस्थळी साहेबांनी शेवटी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचं आहे?" आणि टेबलाभोवती नजर फिरवली. माझ्यापाशी ती इतरांपेक्षा जास्त थांबली असं मला वाटलं. पण तसं मला वाटणारच होतं.

शुक्रवारी अहवालावर सह्या झाल्या. शनिवारी अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर मी स्टोअरमध्ये गेले आणि स्टोअरकीपर पिंटोंकडून त्या इंजिनाचा कूलर मागून घेतला.

"केस तर क्लोज झाली," पिंटो म्हणाले.

"हो. नोंदीसाठी हवाय."

तो साधारण जाडजूड शब्दकोशाएवढा होता. मी त्याचं इंधनाचं एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्याला हवेची नळी जोडली आणि सिंकमध्ये पाणी भरून तो बुडवला. हवेचा दाब हळूहळू वाढवला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग तेलाच्या तोंडातून एक बुडबुडा आला, त्यामागे दुसरा, आणि मग माळ सुरू झाली. बारीक, एकसारखी, न तुटणारी. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे अठरा. खात्रीसाठी तीनदा मोजलं. एकशे अठरा, एकशे सतरा, एकशे अठरा.

झाकण लागलेलं होतं. तेलाच्या टाकीला आतली हवा बाहेर सोडायला एक बारीक नळी असते, तिचं तोंड झाकणाला अगदी चिकटून होतं. टाकीत इंधन शिरून ती भरून गेली की फेस त्या नळीतूनच बाहेर यायचा. ओघळ तिथून आलेला होता. हे सगळं मला सिंकपाशी उभी असताना, पाणी शांत व्हायच्या आत कळलं.

मी कूलर पुसला, वाळवला आणि परत नेऊन दिला.

"मिळालं काही?" पिंटोंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात कूलर भंगारात गेला. आमचा परवाना तीन वर्षांनी वाढला. तांडेलांचं लायसन सहा महिन्यांनी परत मिळालं, पण ते कामावर आले नाहीत. गावी गेले, एवढं कळलं. विहंग दोन वर्षांत बंद पडली.

सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी प्रत्येक नमुन्याचा फ्लॅश पॉइंट दोनदा मोजायला लागले होते. लोक म्हणत, गद्रे मॅडमचं काम म्हणजे काम.

१९९९च्या डिसेंबरात एका जुन्या वहीत एक संदर्भ शोधताना तो फिल्टर पेपर हाती लागला. मधला डाग काळपट झाला होता. बाहेरच्या कड्यातलं इंधन केव्हाच उडून गेलं होतं, पण ते जिथवर पोचलं होतं तिथे कागद पिवळा पडला होता. आता तो तिरका धरायची गरज नव्हती. कडं सरळ दिसत होतं.

त्या रविवारी मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली आणि पुढे एसटीनं रेवदंड्याला गेले. तांडेलांचं घर विचारावं लागलं. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर बसतात ते तांडेल का, असं लोकांनी उलट विचारलं.

घर कोळीवाड्याच्या टोकाला होतं. पुढच्या पडवीत तांडेल पेपर वाचत बसले होते. केस पार पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला आणि मग ते एकदम उभे राहिले.

"मॅडम? तुम्ही? अगं शालन, बघ कोण आलंय. त्या बाटल्यांवाल्या मॅडम!"

शालनताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "या या, बाई. माझ्या बाटल्या वापरायचात ना तुम्ही? बसा. चहा टाकते. सिलिंडर आत्ताच संपलाय, दुसरा लावते, दोन मिनिटं."

"पंपावर असता म्हणे," मी तांडेलांना म्हटलं.

"हो. चिठ्ठ्या फाडतो. होड्यांना डिझेल दुसरा भरतो. मी हिशेब बघतो फक्त."

"यांना सगळी मशिनं येतात हो," शालनताई आतून म्हणाल्या. "वाडीत कुणाच्या होडीचं मशीन बंद पडलं की येतात बोलवायला. हे जातात, लांब उभं राहून सांगतात, हे खोल, ते फिरव. हात लावत नाहीत. पोरं म्हणतात, काका, तुमचा हात काय सोन्याचा आहे का?"

तांडेल नुसते हसले. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. शालनताई नव्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवत होत्या. तांडेल चार पावलं दूर, मान एका बाजूला कलती करून उभे होते.

"टक झालं?"

"झालं."

"मला नाही ऐकू आलं. परत काढून लाव."

शालनताईंनी रेग्युलेटर काढला आणि परत लावला. टक असा आवाज मला पडवीत ऐकू आला.

"झालं ना गं?"

"झालं, झालं."

"एकदा परत."

त्यांनी तिसऱ्यांदा काढून लावला. चेहऱ्यावर कसलाही कंटाळा नव्हता. हे त्या घरात रोजचं होतं, दूध तापवण्यासारखं.

तांडेल परत येऊन बसले. "सवय झालीय," ते म्हणाले. "कडी मी लावत नाही, ही लावते. स्वतःवर भरवसा ठेवून एकदा काय झालं ते पाहिलं ना आपण." मला अवघडलेलं पाहून त्यांनीच माझी समजूत घातली. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्ही मोजलंत ते सांगितलंत. मी चुकलो. पाच माणसं होती आत, मॅडम. मी मोजतो कधी कधी. पाच अधिक दोन वैमानिक. कुणी गेलं नाही, हे आपलं नशीब."

मी पर्समधून वही काढली. वहीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"बघा."

त्यांनी तो दाराच्या उजेडाकडे धरला. मग मी न सांगताच तिरका केला. मधल्या डागावरून त्यांचं बोट बाहेर सरकलं आणि कड्यावर थांबलं.

"रॉकेल," ते म्हणाले. "तेलात रॉकेल आहे. कुणाचा हा?"

"उपासवालीचा."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कधीचा?"

"तुम्ही बाकावर बसला होतात, तेव्हाचा."

शालनताई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. "माझ्या बाटलीत रॉकेल कुठून येईल?" त्या म्हणाल्या. "मी गरम पाण्यात सोडा घालून धुवायचे. उन्हात वाळवायचे. कधी चुकले नाही."

"बाटली स्वच्छ होती, शालनताई," मी म्हटलं. "यांच्या बाटल्यांना कधी वास आला नव्हता. म्हणूनच मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं."

तांडेल अजून कागदाकडेच पाहत होते. त्यांनी पुढचे प्रश्न मेकॅनिकसारखे विचारले, एकामागून एक, सपाट आवाजात.

"कूलर?"

"फुटला होता. मी पाण्यात धरून पाहिला. मिनिटाला एकशे अठरा बुडबुडे."

"कधी पाहिला?"

"अहवालावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि ओघळ?"

"झाकणाशेजारच्या नळीचा."

"मग फ्लॅश पॉइंट? तो तर बरोबर होता. दोनशे शेहेचाळीस. मी बोट ठेवून वाचला होता."

या एका प्रश्नाला तोंड द्यावं लागू नये म्हणून मी सहा वर्षं इथे आले नव्हते.

"उपकरणावर पंचा होता, तांडेल. तुम्हीच विचारलं होतंत, हे का झोपलंय."

त्यांना आठवलं. ते आठवताना मी पाहिलं. त्यांनी कागद अलगद मांडीवर ठेवला आणि उजवा हात समोर धरला. मनगट किंचित वळवलं, चौकशीच्या टेबलावर वळवलं होतं तसंच. मग पुन्हा एकदा, सावकाश.

शालनताईंनी कप खाली ठेवले. "म्हणजे यांनी लावलं होतं?" त्यांनी मला विचारलं. "झाकण यांनी लावलं होतं?"

"लावलं होतं."

चहावर साय धरली. खाडीकडून एक होडी येत होती, तिच्या मशिनाचा ठोका मधूनच चुकत होता. तांडेलांची मान नकळत त्या आवाजाकडे वळली आणि परत आली.

"कुणाकुणाला ठाऊक आहे हे?" त्यांनी विचारलं.

"मला. आता तुम्हा दोघांना."

"आता सांगून काय होणार, मॅडम? विहंग नाही, ते इंजिन नाही, कूलर नाही. देवस्थळी साहेब रिटायर झाले असतील. तुमची नोकरी मात्र आहे अजून." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "हा कागद माझ्याकडे राहू दे. मला कळलं, हिला कळलं. तुम्ही जा आता. तीनची एसटी मिळेल."

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी हात पुढे केला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्यांनी कागद माझ्या हातावर ठेवला.

"देवस्थळी साहेब दादरला राहतात," मी म्हटलं. "पत्ता मी काढलाय. उद्या ऑफिसला न जाता मी त्यांच्याकडे जाणार आहे. दोनशे शेहेचाळीस हा आकडा मी मोजलेला नव्हता, हे त्यांना सांगणार आहे, आणि माझ्या सहीनं लिहून देणार आहे."